जनरल हार्डविक आणि सिंगापूरचा सागरी चषक

पेशवाईचा अस्त १८१८ साली झाला आणि पुढच्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीने सिंगापुरात आपले ठाणे वसवले. या नव्या ठाण्याच्या किनाऱ्यालगत आढळणाऱ्या एका विलक्षण सागरी जीवाची शास्त्रीय ओळख जगाला करून दिली ती कंपनीच्याच एका सेनाधिकाऱ्याने. त्यांचे नाव मेजर जनरल थॉमस हार्डविक.

१७५६ साली जन्मलेले हार्डविक १७७८ मध्ये कंपनीच्या बंगाल तोफखान्यात दाखल झाले आणि म्हैसूरविरुद्धच्या युद्धांत लढले. मात्र तोफांच्या सहवासातही त्यांचे निसर्गाचे वेड कमी झाले नाही. मुलखातील प्राणी, पक्षी व वनस्पती ते जमवीत आणि भारतीय चित्रकारांकडून त्यांची चित्रे काढवून घेत. असा सुमारे ४,५०० चित्रांचा संग्रह त्यांनी उभारला. ती रेखाटणाऱ्या बहुतेक कलावंतांची नावे मात्र काळाच्या ओघात हरवली. १८१३ मध्ये रॉयल सोसायटीने हार्डविक यांना सदस्यत्वाचा मान दिला.

श्रेयाच्या बाबतीत दैव त्यांच्यावर नेहमीच प्रसन्न नव्हते. हिमालयातील लाल पांडावरील त्यांचा निबंध १८२१ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीत वाचला गेला, पण तो छापून येण्यास १८२७ साल उजाडले. दरम्यान १८२५ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेडरिक क्युव्हिए यांनी त्या प्राण्याचे नामकरण उरकले होते.

सिंगापूरच्या जीवाचे श्रेय मात्र हार्डविक यांच्याकडेच राहिले. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तो होता एक महाकाय स्पंज, देठावर उभ्या पेल्यासारखा. पुढे तो ‘नेपच्यूनचा चषक’ म्हणून प्रसिद्धीस आला. स्पंज ही वनस्पती नव्हे. सूक्ष्म छिद्रांतून पाणी आत ओढून त्यातील अन्नकण गाळून घेणारा तो प्राणी आहे. पूर्ण वाढलेला चषक एक मीटरहून उंच होई. लहान मुलांना न्हाऊ घालण्यासाठीही तो वापरला जाई.

हा जीव सिंगापूरच्या किनाऱ्यावर सर्रास आढळतो, अशी नोंद हार्डविक यांच्या निबंधाच्या शीर्षकातच होती. पण त्याच्या ख्यातीबरोबर संग्राहकांची आणि संग्रहालयांची मागणी वाढली आणि समुद्रतळ रिता होत गेला. विसाव्या शतकाच्या आरंभानंतर तो जिवंत दिसेनासा झाला आणि नामशेष मानला गेला.

हार्डविक १८२३ मध्ये भारतातून परतले आणि ३ मार्च १८३५ रोजी लंडनमध्ये निवर्तले. त्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमकडे गेला. प्रवाळभित्तींवर आजही पाणबुड्यांना त्यांचे नाव भेटते: सहा गडद पट्टे मिरवणारा थॅलॅसोमा हार्डविक हा मासा आणि हार्डविकचा समुद्रसर्प ही त्याची उदाहरणे.

२०११ साली सिंगापूरच्या सेंट जॉन्स बेटाजवळ पाण्यात उतरलेल्या जीवशास्त्रज्ञांना एक कोवळा चषक जिवंत आढळला. त्यानंतर आणखी काही सापडले. परस्परांपासून दूर वाढणाऱ्या स्पंजांचे प्रजनन दुरापास्त असते; म्हणून त्यांपैकी काही सिस्टर्स आयलंड्स सागरी उद्यानात एकमेकांजवळ आणून लावण्यात आले. हार्डविक यांना जो विपुल वाटला, त्या जीवाची आता एकेक करून गणना आणि राखण करावी लागत आहे.