वडिलांचे स्वप्न खेळलेला ‘पिस्तूल’ पीट

वडील गाडी चालवीत. वेग कधी वाढवीत, कधी कमी करीत. खिडकीतून अर्धे अंग बाहेर काढलेला मुलगा पळत्या रस्त्यावर बास्केटबॉलचा चेंडू आपटत राही. चित्रपटगृहात तो कडेची खुर्ची धरी, कारण तेथे बसूनही चेंडू आपटता येई. रात्री चेंडू त्याच्या अंथरुणात असे. वडील होते प्रेस मॅराविच, अमेरिकेतील बास्केटबॉल प्रशिक्षक, मुलगा पीट. प्रेस व्यावसायिक खेळाडू म्हणून फार काळ टिकले नव्हते. जे स्वतःला साधले नाही ते मुलाकडून घडवून घेण्याचा त्यांनी ध्यास घेतला.

२२ जून १९४७ रोजी पेनसिल्व्हेनियातील ॲलिक्विपा या पोलाद कारखान्यांच्या गावी पीटचा जन्म झाला. पुढे साउथ कॅरोलिनात आठवीत असतानाच तो शाळेच्या मुख्य संघात उतरला. अंगाने किडकिडीत असल्यामुळे तो कमरेच्या बाजूने चेंडू उचलून फेकी. पिस्तूल उपसल्यासारख्या त्या लकबीवरून पडलेले नाव जन्मभर टिकले. त्याची जागा गार्डची, म्हणजे चेंडू पुढे नेऊन चाल रचणाऱ्याची. पाठीमागून, पायांमधून, न पाहता चेंडू देण्याची त्याची हातोटी पाहायला लोक गर्दी करू लागले.

१९६६ मध्ये प्रेस लुइझियाना राज्य विद्यापीठाचे प्रशिक्षक झाले. पीटचा ओढा वेस्ट व्हर्जिनियाकडे होता. पण आपल्या संघात आला नाही तर घराचे दार बंद, असे वडिलांनी बजावले आणि तो प्रश्न तेथेच मिटला.

प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना तेव्हा मुख्य संघातून खेळता येत नसे. उरलेल्या तीन हंगामांत, अवघ्या ८३ सामन्यांत, पीटने ३,६६७ गुण मिळवले, सरासरी ४४.२. दुरून मारलेल्या चेंडूला तीन गुण देणारा नियम त्या काळी महाविद्यालयीन खेळात नव्हता. २०२३ मध्ये अँटोइन डेव्हिस पाच हंगाम खेळूनही तीन गुणांनी मागे राहिला. २०२४ मध्ये केटलिन क्लार्कने महिलांच्या स्पर्धांतून हा आकडा ओलांडला. पुरुषांमधील विक्रम मात्र पीटचाच आहे.

या आकड्यांची दुसरी बाजूही पाहायला हवी. फेब्रुवारी १९७० मध्ये अलाबामाविरुद्ध त्याने एकट्याने ६९ गुण केले, तरी सामना संघाने गमावला. त्या तीन वर्षांत राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेचे दार एकदाही उघडले नाही. वडिलांनी सारा संघ मुलाभोवती उभा केला, त्याचीच ही किंमत असावी.

१९७० मध्ये अटलांटा हॉक्सने सुमारे १९ लाख डॉलरच्या कराराने त्याला घेतले. नवख्याला मिळालेली ही रक्कम जुन्या सहकाऱ्यांना सलली. १९७४ मध्ये तो न्यू ऑर्लिन्स जॅझकडे गेला. त्याच वर्षी आईने आत्महत्या केली. दारूही जवळ आली होती. तरीही १९७६-७७ च्या हंगामात सरासरी ३१.१ गुणांसह तो एनबीएत अव्वल ठरला. न्यूयॉर्क निक्सविरुद्ध एका रात्री ६८ गुण. पुढच्याच हंगामात गुडघा दुखावला. १९८० मध्ये बोस्टन सेल्टिक्सकडून थोडे सामने खेळून तो निवृत्त झाला आणि लगेचच्या हंगामात बोस्टनने विजेतेपद पटकावले!

निवृत्तीनंतर त्याने योग, शाकाहार, हिंदू तत्त्वविचार असे बरेच काही धुंडाळले. १९८२ मध्ये तो ख्रिस्ती श्रद्धेकडे वळला. एप्रिल १९८७ मध्ये प्रेस कर्करोगाने गेले. पुढच्याच महिन्यात पीटला बास्केटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळाले.

५ जानेवारी १९८८ रोजी कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे चर्चच्या व्यायामशाळेत मित्रांबरोबर सहज खेळताना तो कोसळला. वय ४०. हृदयाला रक्त पुरवणारी डावी धमनी त्याला जन्मतःच नव्हती, हे शवविच्छेदनात उघड झाले. इतकी वर्षे हे हृदय धावले कसे, याचे डॉक्टरांनाही नवल वाटले.

१९९६ मध्ये एनबीएने सर्वश्रेष्ठ पन्नास खेळाडू निवडले. त्यांत हयात नसलेला तो एकटाच होता. १९९७ मध्ये क्लीव्हलँड येथे झालेल्या गौरव सोहळ्यात त्याच्या जागी त्याची दोन मुले उभी राहिली.