आकाशातला फुगा समुद्राच्या तळाशी

टिनटिनची कॉमिक्स वाचली असतील, तर प्रोफेसर कॅल्क्युलस आठवत असेलच. ऐकायला कमी येणारा, आपल्याच तंद्रीत असणारा, पण अफाट डोक्याचा. टिनटिनचा निर्माता हर्जे याने हे पात्र ज्याच्यावरून उचललं, तो माणूस खराखुरा होता. फक्त कॅल्क्युलस बुटका आणि हा चांगला ताडमाड उंच. नाव ओग्यूस्त पिकार.

जन्म २८ जानेवारी १८८४, स्वित्झर्लंडमधल्या बाझलचा. ब्रुसेल्सला फिजिक्सचा प्रोफेसर. त्याला वैश्विक किरणांचा अभ्यास करायचा होता आणि त्यासाठी हवा विरळ होते तिथवर, म्हणजे खूप वर जायला हवं होतं. मग त्याने ॲल्युमिनियमचा हवाबंद गोळा बनवला आणि तो हायड्रोजनच्या प्रचंड फुग्याला टांगला. २७ मे १९३१ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्गहून तो आणि त्याचा सहायक पॉल किप्फर उडाले. गोळ्याला गळती लागली, ती व्हॅसलिन लावून बुजवली. १५,७८१ मीटर गाठले, पण खाली येण्याची झडप चालेना! दिवसभर दोघं वरच अडकले, तहानेने जीव कासावीस. संध्याकाळी गारवा पडला, वायू आकसला आणि फुगा ऑस्ट्रियातल्या एका हिमनदीवर उतरला. इतक्या उंचीवर याआधी कुणीच गेलेलं नव्हतं.

दुसरा कुणी असता तर या विक्रमावर आयुष्य काढलं असतं. पिकारच्या डोक्यात मात्र उलटं गणित चालू होतं. हाच फुगा पाण्यात का नको?

तोवर खोल समुद्रात माणूस जायचा तो दोराला टांगलेल्या गोळ्यात बसून. दोर तुटला की संपलं. पिकारने दोरच काढून टाकला. जाड पोलादी गोळ्यावर त्याने पेट्रोलने भरलेली मोठी टाकी बसवली. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं आणि दाबाखाली फारसं आकसत नाही, म्हणजे हायड्रोजनचं काम पेट्रोल करणार. बुडण्यासाठी लोखंडी छर्रे. हे छर्रे विद्युतचुंबकाने धरून ठेवलेले. खरी हुशारी इथे आहे. वर यायचं तर वीज बंद करायची, छर्रे सुटतात. आणि बॅटरी बिघडली तरी तेच होणार! बिघाड झाला की यंत्र आपोआप वर येतं. इंजिनीअरिंगवाल्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. या यंत्राला त्याने नाव दिलं बाथिस्काफ.

१९४८ साली केप व्हर्देजवळ पहिली चाचणी झाली. माणसांशिवाय यंत्र १,३८० मीटर जाऊन आलं, पण वर लाटांनी टाकीची पार दुर्दशा केली. वर्तमानपत्रांनी टिंगल केली. पुढे ते यंत्र फ्रेंच नौदलाच्या ताब्यात गेलं, मतभेद झाले आणि पिकार इटलीला निघून गेला. तिथे साठी उलटल्यावर त्याने नवं यंत्र उभं केलं, 'त्रिएस्ते'. मदतीला मुलगा जाक, जो मुळात अर्थशास्त्राचा! ३० सप्टेंबर १९५३ रोजी बापलेक ३,१५० मीटर खाली गेले. ओग्यूस्त तेव्हा ६९ वर्षांचा होता.

पैशाची चणचण मात्र संपत नव्हती. मदत आली ती अमेरिकी नौदलाकडून. शीतयुद्ध पेटलेलं, अणुपाणबुड्या येऊ घातलेल्या. खोल पाण्यात आवाज कसा प्रवास करतो, हे कळलं तरच शत्रूची पाणबुडी सापडणार. १९५८ मध्ये नौदलाने 'त्रिएस्ते' विकतच घेतलं. जर्मनीतल्या क्रुप कंपनीकडून सुमारे १३ सेंटिमीटर जाडीचा नवा गोळा करून घेतला. २३ जानेवारी १९६० रोजी जाक आणि लेफ्टनंट डॉन वॉल्श मारियाना गर्तेच्या तळाशी, जवळपास ११ किलोमीटर खोल पोचले. तिथे नखाएवढ्या जागेवर साधारण एक टन दाब असतो. वाटेत बाहेरच्या खिडकीला तडा गेला, तरीही ते पुढे गेले. आपल्या 'मत्स्य ६०००' मध्येही माणसं बसणार ती गोळ्यातच.

पिकार २४ मार्च १९६२ रोजी लोझानला वारला. जेमतेम वर्ष उलटलं आणि १० एप्रिल १९६३ रोजी अमेरिकेची 'थ्रेशर' ही अणुपाणबुडी अटलांटिकमध्ये १२९ माणसांसह बुडाली. सुमारे अडीच किलोमीटर खोल. नौदलाची सुटकेची साधनं तर काहीशे मीटरच्या पलीकडे निरुपयोगी होती. तळाशी जाऊन शोध घ्यायला अमेरिकी नौदलाकडे एकच यंत्र होतं, प्रोफेसरचं. 'त्रिएस्ते' पॅसिफिक किनाऱ्यावरून बोस्टनला आणलं गेलं. मारियानाच्या मानाने खोली काहीच नव्हती, पण सरळ खाली उतरणं वेगळं आणि अंधारात, चिखलात अवशेष शोधत फिरणं वेगळं. या यंत्राला धड वळताही येत नव्हतं. तरी ऑगस्टमध्ये अवशेष सापडले. त्यातला पाइपचा एक वाकडा तुकडा यांत्रिक हाताने वर आणला. त्यावर 'थ्रेशर'चा क्रमांक होता, ५९३.