विश्लेषण : प्लेगची लस मुंबईत बनवणाऱ्या हाफकिन यांनाच दोषी का ठरवले गेले?

महाड आणि पोलादपूरच्या डोंगराळ वाड्यांमध्ये लाल विंचवाचा दंश जिवावर बेतू शकतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्तदाबाच्या ‘प्राझोसिन’ या औषधाने त्यावरच्या उपचारांची दिशा बदलली, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. त्यांची एक चाचणी मात्र कमी लोकांना माहीत आहे. महाडमध्येच त्यांनी विंचूदंशाच्या ७० रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नुसते प्राझोसिन दिले, दुसऱ्याला प्राझोसिनसोबत विंचवाचे प्रतिविषही. प्रतिविष मिळालेले रुग्ण लवकर सावरले. ही चाचणी २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली.

दोन गट करायचे, एकाला औषध द्यायचे, दुसऱ्याला द्यायचे नाही आणि मग मोजायचे. ही पद्धत आज सरधोपट वाटते. मुंबईत तिचे सर्वात गाजलेले जुने उदाहरण १८९७ सालचे, भायखळ्याच्या तुरुंगातले आहे. ते घडवणारा माणूस डॉक्टर नव्हता. त्याचे नाव वाल्डेमार हाफकिन. परळच्या हाफकिन संस्थेला त्यांचेच नाव आहे.

ओडेसा ते मुंबई, व्हाया पॅरिस

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. प्राणिशास्त्राचे शिक्षण घेताना त्यांना इल्या मेचनिकोव्ह यांच्यासारखा गुरू लाभला. विद्यार्थी चळवळीमुळे तुरुंगाची हवाही खावी लागली. ज्यू असल्याने रशियात प्राध्यापकपदाची दारे बंद होती. १८८९ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पोहोचले, तेही ग्रंथालयातील सहायक म्हणून. तिथेच मोकळ्या वेळात त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि जुलै १८९२ मध्ये ती सर्वप्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते भारतात आले आणि कोलकात्याच्या वस्त्यांमध्ये हजारो लोकांना ही लस दिली.

मुंबईत काय चालले होते?

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. काही आठवड्यांत शहर रिकामे होऊ लागले. सरकारने घरझडत्या, सक्तीचे स्थलांतर, सामानाची जाळपोळ असा खाक्या लावला. पुण्यात त्याची परिणती २२ जून १८९७ रोजी रँडवरच्या हल्ल्यात झाली. त्याआधी मार्चमध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचा मृत्यू झाला होता.

प्लेगचा जंतू उंदरांवरील पिसवांमार्फत माणसाच्या शरीरात शिरतो. जांघेत किंवा काखेत गाठ येते, तो गाठीचा प्लेग. जंतू थेट रक्तात पसरला तर गाठ येण्याआधीच रक्तदाब कोसळतो, बोटे काळी पडतात, एकेक अवयव बंद पडत जातो. आज डॉक्टर याला सेप्सिस म्हणतात. जंतुसंसर्गाला उत्तर देताना शरीराची यंत्रणाच बेताल होते आणि स्वतःच्या अवयवांना इजा करते. तेव्हा प्रतिजैविके नव्हती. अलेक्झांडर येर्सिन घोड्याच्या रक्तापासून बनवलेला सिरम घेऊन १८९७ मध्ये मुंबईत आले, पण त्याचा म्हणावा तसा गुण आला नाही. रक्तात भिनलेल्या प्लेगवर इलाज नव्हता, म्हणून तो होऊच नये हा एकच मार्ग उरत होता.

तुपाचे थेंब आणि लस

ऑक्टोबर १८९६ मध्ये हाफकिन मुंबईत दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. दिमतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या बळावर त्यांना लस बनवायची होती.

मांसाच्या पातळ काढ्यात जंतू वाढवायचे ही नेहमीची रीत होती. हाफकिन यांनी काढ्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. जंतूंना त्या थेंबांचा आधार मिळे आणि गुहेच्या छतातून सुळके लोंबावेत तसे त्यांचे धागे खाली उतरत. भांडे हलवले की धागे तळाशी बसत आणि वर नवे वाढू लागत. म्हणजे एकाच भांड्यातून पुन्हा पुन्हा पीक. मग ते उष्णता देऊन मारायचे आणि थोडे कार्बोलिक ॲसिड घालायचे, की लस तयार. तूप इथल्या बाजारात कुठेही मिळत होते, हा त्यातला मोठा फायदा.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली, तीही दहा घनसेंटिमीटर, पुढे लोकांना दिलेल्या मात्रेपेक्षा कितीतरी जास्त. ताप आला, दंड दुखला, पण ते बरे झाले.

भायखळ्यात आणि उंधेऱ्यात नेमके काय मोजले?

त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ३० जानेवारीला जवळपास निम्म्या कैद्यांनी लस घेतली. बाकीचे तसेच राहिले. अन्न, कोठड्या, पहारा सारे समान. साथ ओसरली तेव्हा लस न घेतलेल्यांत १२ जण आजारी पडून सहा दगावले होते. लस घेतलेल्यांत दोघे आजारी पडले, मृत्यू एकही नाही.

कैद्यांची संमती कितपत खरी, हा प्रश्न आज कोणीही विचारेल आणि तो विचारायलाच हवा. पण आकड्यांवर शंका घ्यायची तर एकच जागा होती. ज्यांनी लस घेतली ते मुळातच जास्त धडधाकट असतील तर? त्याचे उत्तर पुढच्या वर्षी बडोदा संस्थानातील उंधेरा गावात मिळाले. फेब्रुवारी १८९८ मध्ये तिथे प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना लस दिली गेली. घर तेच, चूल तीच, उंदीरही तेच. लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि २६ मेले. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी आठ आजारी पडले, तिघे मेले. संगणक नसलेल्या काळात एका घराच्या आतच तुलना करण्याची ही युक्ती आजही थक्क करते.

सुई म्हणजे सरकारचा नवा जुलूम, अशी भीती लोकांत होती. ती घालवायला आगाखान तिसरे पुढे आले. त्यांनी सर्वांसमोर लस घेतली, खोजा समाजाला घ्यायला लावली आणि प्रयोगशाळेसाठी जागाही दिली. १० ऑगस्ट १८९९ रोजी प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये हलली.

मलकोवालची बाटली

आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबच्या भागात मलकोवाल नावाचे गाव आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी तिथे १०७ जणांना लस दिली गेली. आठवड्याभरात त्यातील काहींचे जबडे आवळू लागले. धनुर्वात होता. १९ जण दगावले आणि त्या सगळ्यांची लस ‘५३ एन’ या एकाच बाटलीतली होती.

संशय थेट परळवर गेला. पंजाबातून मोठी मागणी असल्याने हाफकिन यांनी लस बनवण्याची रीत बदलली होती. नव्या रीतीत ते कार्बोलिक ॲसिड घालत नसत, कारण जंतू मारायला उष्णता पुरेशी आहे असे त्यांचे म्हणणे होते. चौकशी आयोगाने निष्कर्ष काढला की धनुर्वाताचा जंतू बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे प्रयोगशाळेतच शिरला. हाफकिन यांना पगाराविना रजेवर पाठवले गेले, संचालकपद गेले, आणि १९०४ मध्ये त्यांनी भारत सोडला.

पुराव्यात मात्र दुसरीच गोष्ट होती. गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करता, नुसता औषधी पाण्यात बुचकळून त्याने त्याच चिमट्याने बूच काढले. शिवाय बाटली ४१ दिवसांपूर्वी भरलेली होती. इतके दिवस आत धनुर्वाताचा जंतू वाढत असता तर उघडताच घाण वास यायला हवा होता. तसा वास आला नव्हता. हे सारे कागदावर असताना दोष प्रयोगशाळेवर ढकलला गेला. ज्या माणसाने आपला प्रत्येक दावा आकड्यांच्या कसोटीवर घासून घेतला, त्याच्याविरुद्धचा पुरावा कोणी तितक्या काटेकोरपणे तपासला नाही. डॉक्टर नसलेला, रशियन, ज्यू माणूस लष्करी डॉक्टरांच्या खात्यात आधीच उपरा होता.

१९०७ मध्ये मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांनी लंडनच्या ‘टाइम्स’मधून हे प्रकरण उचलून धरले. जुलैमध्ये दहा नामवंत शास्त्रज्ञांचे पत्र छापून आले. अखेर सरकारने हाफकिन यांना आरोपमुक्त केले आणि पुन्हा भारतात बोलावले. पण परळची खुर्ची परत मिळाली नाही. कोलकात्यात त्यांनी उरलेली नोकरी केली, नव्या लसींच्या मोठ्या चाचण्यांची संधी फिरून आली नाही. १९१४ च्या सुमारास निवृत्त होऊन ते युरोपात परतले.

नाव परत कधी मिळाले?

परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन यांचे नाव देण्यात आले. तोपर्यंत तिथून प्लेगच्या लसीच्या दोन कोटी ६० लाख मात्रा बाहेर पडल्या होत्या. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी लग्न केले नव्हते.

प्लेग झाल्यावर द्यायचे औषध त्यांच्या हयातीत सापडले नाही. तेही काम पुढे याच इमारतीत झाले. १९४० च्या दशकात साहिब सिंग सोखी संचालक असताना परळच्या संशोधकांनी सल्फा औषधे प्लेगच्या रुग्णांवर तपासली. त्यानंतर स्ट्रेप्टोमायसिन आले आणि रक्तात भिनलेल्या प्लेगमधूनही रुग्ण वाचू लागले.