अंगणातले गणित : ताराबाई मोडक

एक चिंचोका, दोन पाने. एक चिंचोका, दोन पाने. एक चिंचोका, दोन पाने. अशी ओळ चार वर्षांच्या मुलापुढे मांडा आणि ती पुढे वाढवायला सांगा. पुष्कळ मुले चिंचोका ठेवतील, त्यानंतर एकच पान ठेवतील आणि पुन्हा चिंचोका उचलतील. मोठ्यांना वाटते, मूल चुकले. खरे तर ते अर्ध्या वाटेवर आलेले असते. वस्तू आलटून पालटून येतात हे त्याने ओळखले आहे. एक आणि दोन मिळून एक गट होतो आणि तो गटच पुन्हा पुन्हा येतो, हे ओळखायचे बाकी आहे.

अशा रचनेला पाठ्यपुस्तकात आकृतिबंध म्हणतात. तो ओळखणे, पुढे नेणे आणि स्वतः तयार करणे ही गणिताची पहिली पायरी आहे. ही पायरी चढायला महागडी खेळणी लागत नाहीत, घरच्या अंगणातल्या वस्तू पुरतात. आज हे सोपे वाटते. पण महाराष्ट्रात ते प्रत्यक्ष करून दाखवायला एका बाईंना मुंबई सोडून खेड्यात जाऊन राहावे लागले. त्या बाई म्हणजे ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. मुलींना शिकवणे हा त्या काळी अपवाद असला तरी या घरात तो नियम होता. 1914 मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. लग्नानंतर काही वर्षे त्या अमरावतीत होत्या. तो संसार टिकला नाही. एकट्या बाईने घराबाहेर पडून पोट भरणे सोपे नव्हते, तेव्हा त्यांनी राजकोटच्या बार्टन महिला अध्यापन महाविद्यालयाची जबाबदारी घेतली.

1923 मध्ये त्या भावनगरला गेल्या. तिथल्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी बालमंदिर सुरू केले होते. मारिया मॉन्टेसरी या इटालियन डॉक्टर बाईंनी लहान मुलांच्या निरीक्षणातून एक पद्धत बसवली होती. मुलाने वस्तू हातात घ्यायची, लावून पाहायची, चुकले तर स्वतःच दुरुस्त करायचे, अशी ती रीत. लहानमोठे ठोकळे, रंगांच्या पट्ट्या, मण्यांच्या माळा ही तिची साधने. मुलाचा हात आणि डोळा आधी शिकतो, शब्द आणि आकडा मागून येतो, हे त्यामागचे सूत्र होते. गिजुभाई आणि ताराबाईंनी ते भारतीय मुलांसाठी घडवले. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. 'शिक्षणपत्रिका' या मासिकातून बालशिक्षणाचा विचार घरोघरी जाऊ लागला. 1936 मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केले.

योगायोग असा, की त्याच 1936 मध्ये आपल्या सावलीला गांधी सेवा संघाचे अधिवेशन महात्मा गांधींच्या उपस्थितीत भरले होते. सावली तेव्हा खादीचे केंद्र होते. गावात जे आहे, त्याच्यावरच गावाचे जीवन उभे राहावे, हा त्या काळचा मोठा प्रश्न होता. दादरच्या शिशुविहारात ताराबाईंपुढे तोच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहिला. मॉन्टेसरीची साधने सुबक होती, पण खर्चिक होती. ती मध्यमवर्गाच्या मुलांना मिळत होती. खेड्यातल्या मुलाने काय करायचे?

उत्तर शोधायला त्या 1945 मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या. तेव्हा त्यांचे वय त्रेपन्न होते. तिथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. तरुण शिक्षिका अनुताई वाघ त्याच वेळी त्यांच्याबरोबर आल्या आणि पुढे आयुष्यभर याच कामात राहिल्या.

पहिली अडचण पुस्तकात नव्हती. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात. आईबाप कामावर जात, मोठी भावंडे धाकट्यांना सांभाळत. तेव्हा ताराबाईंनी उलटा मार्ग काढला. मुले बालवाडीत येत नसतील, तर बालवाडीच मुलांच्या अंगणात न्यायची. हीच अंगणवाडी. तिथे सुरुवात धड्याने होत नसे. मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे, नखे कापणे, खाऊ देणे हे आधी. खरजेने खाजवणारे, उपाशी मूल खडे मांडत बसणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. शरीर आणि बुद्धी यांचे दोन वेगळे विभाग त्यांनी केले नाहीत.

साधनेही अंगणातलीच. शिंपले, खडे, पाने, फुले, बिया, माती. मोठे-लहान, जड-हलके, खरखरीत-गुळगुळीत हे सगळे या वस्तूंनी शिकवता येते. पाने ओवून माळ होते, बिया मांडून नक्षी होते, टाळ्या आणि पावले यांचा ताल होतो. कारखान्यात बनलेल्या मण्यांच्या माळेचे काम ही माळ करू लागली आणि तिला दाम पडत नव्हता. पुढे हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाल्या. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली. 1962 मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला.

आकृतिबंधांवर पुढे संशोधनही झाले. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी गरीब घरांतील पाचशेहून अधिक मुलांचा चौथ्या वर्षापासून अकराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले, की लहानपणी ज्यांना आकृतिबंध चांगले जमत होते, ती मुले पाचवीतही गणितात सरस असण्याची शक्यता जास्त होती. याचा अर्थ एका खेळाने गणित सुधारते असा लगेच काढू नये. पण दोन्हींचा संबंध समजण्यासारखा आहे. तीन वस्तूंचा गट चार वेळा मांडणारे मूल पाढा न म्हणता बाराची मांडणी करते. नियम शोधणे, तो पुढे लागू करणे आणि नियम मोडला तर ओळखणे, हेच पुढे गुणाकारात आणि बीजगणितात लागते.

अंगणवाडीत किंवा घरी हे कसे शिकवावे? क्रम साधा आहे. आधी मुलाने आपली ओळ पाहून तशीच दुसरी मांडावी. मग ओळ पुढे न्यावी. मग मधली एक वस्तू काढून घ्या आणि काय हरवले ते त्याला शोधू द्या. त्यानंतरची पायरी कठीण: चिंचोका-पान-पान ही ओळ टाळी-चुटकी-चुटकी अशी वाजवून दाखवायला सांगा. वस्तू बदलल्या, नियम तोच राहिला, हे मुलाला कळले की खरे शिकणे झाले. शेवटी त्याने स्वतःची ओळ तयार करावी आणि तुम्ही ती पुढे न्यावी. मुद्दाम चूक करा, मूल आनंदाने पकडेल.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पुढे काय, असे विचारण्याआधी गट निदान दोनदा, शक्यतो तीनदा पूर्ण मांडा. एकदाच मांडलेल्या गटातून नियम दिसत नाही. आणि एक-एक आलटून पालटून येणाऱ्या ओळीवरच थांबू नका. आपल्याकडे बहुतेक वेळा तिथेच थांबतात, आणि मग सुरुवातीच्या चिंचोक्याच्या ओळीत मूल अडते.

सावली, मूल, गडचिरोलीच्या पट्ट्यात या शिक्षणाचे सामान भरपूर आहे. बांबूची चटई विणणारा बुरड दोन पट्ट्या वर, दोन खाली हा नियम हातानेच पाळतो. रेला नृत्यात पावलांचा गट पुन्हा पुन्हा येतो. मुलाला ते दाखवा आणि विचारा, इथे काय परत परत येते? विचारताना मुलाची भाषा वापरा, मग ती झाडीबोली असो, गोंडी असो की माडिया. आकृतिबंधाला शब्द थोडे लागतात, म्हणून शाळेची मराठी अजून न रुळलेल्या मुलालाही इथे लगेच यश मिळते.

सावधगिरी मात्र हवी. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती बिया, चिंचोके, लहान खडे देऊ नयेत. ते घशात अडकतात. लाल-काळी गुंज दिसायला सुंदर, पण विषारी असते. एरंडाच्या बियाही विषारी. या दोन्ही मुलांच्या खेळात कधीच नकोत. खेळ संपला की वस्तू मोजून ठेवा आणि हात धुवा.

अंगणवाडीची चर्चा आज बहुधा वजन, उंची आणि पोषण आहाराभोवती फिरते. कुपोषण असलेल्या जिल्ह्यांत ती व्हायलाच हवी. पण तीन ते सहा वयाच्या मुलाला त्याच ताटाबरोबर रोज पंधरा मिनिटे मांडणीचा खेळही मिळायला हवा. बोर्डीच्या अंगणात आंघोळ, खाऊ आणि शिंपले ही तिन्ही एकाच सकाळची कामे होती. मूल पहिलीत गेल्यावर गणितात कच्चे आहे म्हणून हळहळण्यापेक्षा, त्याच्या अंगणात पडलेली चार पाने आणि चार खडे आजच त्याच्यापुढे ठेवणे शहाणपणाचे.