चांदबिबी: दोन वेढे, दोन निर्णय



बराकपूरला राहायचे म्हणजे १८५७ आणि मंगल पांडे यांचे नाव नेहमी कानावर येणारच. मी मात्र नगरकडचा. म्हणून या मराठी पानासाठी आमच्याकडचा भुईकोट किल्ला लढवणाऱ्या चांदबिबीची हकिकत निवडली आहे.

चांदबिबी ही अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची मुलगी. विजापूरच्या अली आदिलशहाशी तिचे लग्न झाले आणि सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून गेला. १५८० मध्ये अलीचा खून झाला. नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहीम गादीवर बसला आणि त्याच्या नावाने कारभार चांदबिबीने पाहिला. सरदारांच्या चढाओढीत तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैदही भोगावी लागली. पुढे ती माहेरी परतली.

माहेरी गादीवरून भांडणे पेटलेली होती. त्यातल्याच एका सरदाराने अकबराचा मुलगा मुराद याला बोलावले. डिसेंबर १५९५ मध्ये मोगल फौजेने नगरला वेढा घातला. चांदबिबीने भावाच्या नातवाचा, लहानग्या बहादूरचा पक्ष घेऊन किल्ला हाती घेतला. मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. आतल्यांना सुगावा लागला आणि ते सुरुंग निकामी करू लागले, तेवढ्यात एक उडालाच. तटाला मोठे खिंडार पडले. लोक पळू लागले, तेव्हा चांदबिबी तलवार घेऊन स्वतः खिंडारात उभी राहिली. संध्याकाळपर्यंत हल्ले परतवले आणि रातोरात भिंत पुन्हा उभी केली. विजापूरची मदत येत होती, मोगलांची रसद आटली होती. १५९६ मध्ये तह झाला. वऱ्हाड गेले, पण नगर वाचले.

१६०० मध्ये शहाजादा दानियाल चालून आला. या वेळी बाहेरून मदत नव्हती, आत फूट होती. किल्ला देऊन बहादूरला आणि शिबंदीला सुखरूप बाहेर काढावे, असा विचार तिने केला. ती फितूर झाली अशी आवई उठली आणि तिच्याच माणसांनी तिला ठार मारले. थोड्याच दिवसांत किल्ला पडला. बहादूरची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत झाली.

पहिल्या वेढ्याचे पोवाडे सारेच गातात. मला दुसरा निर्णय अधिक अवघड वाटतो. खिंडारात उभे राहताना फौज पाठीशी होती; तहाचा विचार मांडताना ती एकटी होती. आणि अफवेवर विश्वास ठेवणाऱ्या शिबंदीने सेनापती गमावला, किल्लाही गमावला.

आजच्या अहिल्यानगरात तो किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. रणगाडा दलाचे प्रशिक्षणही त्याच शहरात होते. तुमच्यापैकी कोणी तिकडे गेलाच, तर एक लक्षात ठेवा. डोंगरावरचा 'चांदबिबीचा महाल' ही खरे तर सलाबतखानाची कबर आहे. चांदबिबीला आठवायचे असेल, तर किल्ल्याच्या तटापाशी जा.