चार्ल्स केटरिंग : गाडीचा ‘सेल्फ’ बनवणारा इंजिनिअर

किल्ली फिरवली की गाडी सुरू होते. मराठी माणूस याला ‘सेल्फ मारणे’ म्हणतो. हा ‘सेल्फ’ म्हणजे सेल्फ-स्टार्टर, इंजिनाला पहिला फेरा देणारी छोटी विजेची मोटर. मोटारगाडीत ती व्यवहार्य करून दाखवली अमेरिकन इंजिनिअर चार्ल्स केटरिंग यांनी. स्टार्टर किती वर्षे टिकतो, या प्रश्नाचे उत्तरही त्यांच्या मूळ कल्पनेतच दडलेले आहे.

शेतकऱ्याचा मुलगा

केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी ओहायो राज्यातील लाउडनव्हिल गावाजवळच्या शेतावर झाला. त्यांची नजर कमजोर होती आणि वाचन वाढले की डोके दुखे. काही काळ त्यांनी शाळेत शिकवले. डोळ्यांच्या त्रासामुळे कॉलेज मध्येच सोडावे लागले, तेव्हा ते टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या टोळीत काम करू लागले. अखेर १९०४ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांना ओहायो स्टेट विद्यापीठाची इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी मिळाली.

पहिली नोकरी डेटन शहरातील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत लागली. दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला हाताने दांडा फिरवावा लागे. केटरिंग यांनी तिथे छोटी विजेची मोटर बसवली. ही मोटर दिवसभर चालणार नव्हती. प्रत्येक विक्रीला क्षणभर जोर लावून ती थांबणार होती, त्यामुळे ती लहान असली तरी चालत होती. पुढे हीच गोष्ट मोटारगाडीत कामाला आली.

हँडलचा झटका

त्या काळी इंजिन सुरू करायला समोर लोखंडी हँडल घालून फिरवावे लागे. ताकद तर लागेच, पण इंजिन उलटे फिरले तर हँडल जोरात मागे येऊन मनगट किंवा हात मोडे. मोटार उद्योजक बायरन कार्टर यांचा जबडा अशाच झटक्याने मोडला आणि नंतर १९०८ मध्ये त्यांचा मृत्यू झाला, असे सांगितले जाते. कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलँड यांचे ते स्नेही. हँडलला पर्याय शोधण्याचा लेलँड यांचा आग्रह या घटनेशी जोडला जातो.

दरम्यान केटरिंग यांनी सहकारी एडवर्ड डीड्स यांच्यासोबत, डीड्स यांच्या घरामागच्या कोठारात काम सुरू केले होते. त्यातून १९०९ मध्ये ‘डेल्को’ ही कंपनी उभी राहिली. कॅडिलॅकसाठी त्यांनी आधी इग्निशनची यंत्रणा बनवली. मग स्टार्टरचे काम आले.

इंजिन फिरवायचे तर मोटर आणि बॅटरी अवाढव्य लागेल, अशी तज्ज्ञांची समजूत होती. सतत चालणाऱ्या मोटरसाठी ते बरोबरही होते. केटरिंग यांनी गल्ल्याच्या यंत्राचा अनुभव वापरला. मोटरला काही सेकंदच काम करायचे असेल, तर तेवढ्यापुरता तिच्यावर क्षमतेपेक्षा जास्त भार टाकता येतो. ती तापण्याआधीच इंजिन सुरू झालेले असते. त्यांची मोटर इंजिन चालू झाल्यावर जनरेटर बनून बॅटरीही भरत असे. १९१२ च्या कॅडिलॅक मॉडेलमध्ये ही यंत्रणा आली आणि कंपनीला प्रतिष्ठेची ड्यूअर ट्रॉफी मिळाली. ज्यांना हँडल झेपत नव्हते अशा अनेकांना, विशेषतः स्त्रियांना, पेट्रोलची गाडी एकट्याने चालवणे सोपे झाले.

मग स्टार्टर टिकतो किती?

आजचा स्टार्टरही काही सेकंदांचाच गडी आहे. साध्या हेडलाइटच्या एका बल्बला पाच अँपिअरही लागत नाहीत, तर कारचा स्टार्टर सुरू होताना शंभर-दोनशे अँपिअर किंवा त्याहूनही जास्त ओढतो. म्हणून त्याचे आयुष्य वर्षांपेक्षा ‘किती वेळा सुरू केला’ आणि ‘किती तापला’ यावर ठरते. चांगल्या वापरात तो लाखभर किलोमीटर किंवा त्याहून अधिक चालतो, कधी गाडीइतकाही टिकतो. दिवसातून वीस वेळा थांबणाऱ्या गाडीत मात्र त्याचे ब्रश आणि सोलेनॉइडचे संपर्क लवकर झिजतात.

गाडी सुरू होत नसेल तर सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये. मध्ये अर्धा-एक मिनिट थांबावे. नुसता ‘टक’ आवाज येत असेल तर स्टार्टर बदलण्याआधी बॅटरी आणि तिचे टर्मिनल तपासावेत. दोष बऱ्याचदा तिथेच असतो.

यश आणि डाग

केटरिंग १९२० पासून १९४७ पर्यंत जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते. रेल्वेच्या डिझेल इंजिनांच्या विकासात त्यांचा मोठा वाटा होता. हवेने थंड होणारे त्यांचे ‘कॉपर-कूल्ड’ इंजिन मात्र १९२३ मध्ये सपशेल फसले आणि विकलेल्या गाड्या परत घ्याव्या लागल्या. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे शिसेयुक्त पेट्रोल. त्यांचे सहकारी थॉमस मिज्ली यांनी १९२१ मध्ये ते शोधले आणि केटरिंग यांनी त्याचा पुरस्कार केला. १९२४ मध्ये ते बनवणारे कामगार विषबाधेने दगावले, तरी विक्री वाढतच गेली. त्या शिशाने पुढे जगभरातील मुलांच्या आरोग्याचे नुकसान केले.

१९४५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या आणि आल्फ्रेड स्लोन यांच्या नावाने कर्करोग संशोधन संस्था स्थापन झाली. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी डेटन येथे केटरिंग यांचे निधन झाले. त्यांच्या नावावर १८० हून अधिक पेटंट आहेत. त्यांतली सेल्फची कल्पना आजही पेट्रोल-डिझेलच्या बहुतेक गाड्यांत तशीच वापरली जाते : थोडा वेळ, पूर्ण जोर आणि मग विश्रांती.