गूळ, गिरणी आणि गंगाराम यांचा चहा

दोस्तांनो, एक प्रश्न. एखादं राज्य धंद्यासाठी चांगलं आहे, हे तुम्ही कशावरून ठरवाल? रस्ते, वीज, पाणी, स्वस्त जमीन, की कमीत कमी कागदपत्रं? आजकाल प्रत्येक राज्य गुंतवणूकदारांची परिषद भरवतं, करारांवर सह्या होतात, कोटींचे आकडे जाहीर होतात आणि आपण ते रील्समध्ये बघतो. पण या शर्यतीच्या कितीतरी आधी, कोल्हापूरच्या एका तरुण राजाने हाच प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवायला घेतला होता.

राजर्षी शाहू महाराज म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? आरक्षण, वसतिगृहं, कुस्ती. बरोबरच आहे. शाळेच्या पुस्तकात तेवढंच असतं. पण याच माणसाने एक बाजारपेठ वसवली, एक गिरणी उभी केली आणि एक अख्खं गाव व्यापारासाठी जन्माला घातलं. ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते.

विशीतला राजा

26 जून 1874 ला कागलच्या घाटगे घराण्यात यशवंतराव नावाचा मुलगा जन्मला. 1884 मध्ये कोल्हापूरच्या राजघराण्यात तो दत्तक गेला आणि शाहू झाला. शिक्षण आधी राजकोटला, मग धारवाडला. 2 एप्रिल 1894 ला राज्यकारभार हातात आला तेव्हा वय होतं 19. म्हणजे तुम्ही सेकंड इयरला असता, साधारण तेवढं!

हातात आलेलं संस्थान कसं होतं? पाणी भरपूर, माती काळी, पंचगंगेच्या काठाला ऊस डोलतोय. पण हा शेतीमाल विकायला मोठी, शिस्तीची पेठ नव्हती. आणि डोक्यावर इंग्रजांचा पॉलिटिकल एजंट बसलेला, त्यामुळे मोठ्या निर्णयाला मोकळीकही बेताचीच.

एक गोष्ट मात्र जमेची होती. मिरज ते कोल्हापूर रेल्वे. 1888 मध्ये तिच्या कामाचा मुहूर्त झाला तो याच मुलाच्या हातून, तेव्हा तो जेमतेम 13 वर्षांचा होता. 1891 मध्ये गाडी कोल्हापुरात आली. आता विचार करा, रेल्वे दारात आहे, ऊस शेतात आहे. मधे काय पाहिजे? बाजार.

स्टेशनशेजारची पेठ

1895 मध्ये, म्हणजे गादीवर आल्यावर वर्षभरातच, महाराजांनी रेल्वे स्टेशनच्या जवळ नवी पेठ वसवायला घेतली. तीच आजची शाहूपुरी. व्यापाऱ्यांना सवलतीत जागा दिल्या. बाहेरगावचे लोक आले, दुकानं आणि वखारी बांधल्या. शेतकऱ्याने गुळाच्या ढेपा बैलगाडीतून आणायच्या, इथे सौदा व्हायचा आणि माल रेल्वेने दूरवर जायचा. गुळाने कोल्हापूरचं नाव देशभर नेलं ते या पेठेतून. कोल्हापुरी गुळाला आपल्या काळात भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याची मुळं शोधत मागे गेलात तर तुम्ही याच पेठेत पोचाल.

यातली हुशारी बघा. महाराजांनी आधी ओळखलं की आपल्याकडे काय पिकतं, मग ते विकायची सोय केली. उसना उद्योग आणून लोकांच्या माथी मारला नाही. आज ज्याला आपण सप्लाय चेन म्हणतो, ती शेतापासून रेल्वेच्या डब्यापर्यंत त्यांनी जोडून दिली.

पुढे 1906 मध्ये शाहू छत्रपती स्पिनिंग अँड विव्हिंग मिल आली. कापडाच्या गिरण्या म्हणजे मुंबई-सोलापूर, असं समीकरण असलेल्या काळात कोल्हापुरात भोंगा वाजायला लागला. कोल्हापूरकर आजही तिला शाहू मिल म्हणतात. 1917 मध्ये आणखी एक पाऊल पडलं. कोल्हापूर-मिरज मार्गावर व्यापारासाठी नवं गाव वसवलं गेलं आणि महाराजांच्या वडिलांच्या, जयसिंगरावांच्या नावावरून त्याला जयसिंगपूर म्हणू लागले. तिथले सरळ, काटकोनात छेदणारे रस्ते बघितलेत तर कळतं की आधी आखणी झाली आणि मग घरं उभी राहिली. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी याच्या नेमकं उलटं होतं!

पाण्याचा हिशोब

बाजार वाढवायचा तर पीक भरवशाचं पाहिजे. शतक संपता संपता दुष्काळ आणि प्लेग असे दोन्ही घाव कोल्हापूरवर बसले. महाराजांनी स्वस्त धान्याची दुकानं उघडली, दुष्काळी कामं काढली, कामावरच्या बायकांच्या लहान मुलांना सांभाळायची सोय केली. पण दर वेळी आग विझवत बसण्यात अर्थ नाही हेही त्यांना कळलं होतं.

त्यातून भोगावती नदीवरच्या धरणाची कल्पना आली. तिथे वसवलेल्या गावाला त्यांनी मुलीच्या नावावरून राधानगरी हे नाव दिलं आणि तलावाला राणी लक्ष्मीबाईंचं. एका संस्थानाच्या तिजोरीच्या मानाने हे काम अवाढव्य होतं. बांधकाम सुरू झालं, भिंत वर आली, पण 1918 च्या सुमारास पैशाअभावी ते थांबलं. महाराजांना ते पूर्ण झालेलं बघता आलं नाही. धरण पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर. म्हणजे ज्या पाण्यावर आज तिथला ऊस उभा आहे, त्याचा विचार करणारा माणूस ते पाणी न बघताच गेला.

सगळंच यशस्वी झालं असंही नाही. पन्हाळ्याच्या बाजूला चहा-कॉफीच्या लागवडीचा प्रयोग झाला, तो टिकला नाही. शाहू मिलचा भोंगाही आता बंद आहे. पण धंद्याला जागा देणाऱ्याने नापास व्हायची तयारी ठेवावी लागते, हे स्टार्टअपच्या जमान्यातल्या तुम्हाला वेगळं सांगायला नको.

धंदा कुणी करायचा?

आता खरा मुद्दा. त्या काळात प्रगतीची स्वप्नं बघणारे राजे आणखीही होते. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी 1908 मध्ये बँक ऑफ बडोदा सुरू केली. मग शाहू महाराजांचं वेगळेपण कशात?

त्यांनी बाजारपेठेच्या दारात उभं राहून विचारलं की आत येणार कोण? जात विचारूनच माणसाला काम मिळणार असेल, तर पेठ कितीही मोठी झाली तरी अर्धं गाव बाहेरच राहणार. म्हणून 26 जुलै 1902 ला संस्थानातल्या नोकऱ्यांमध्ये मागासलेल्या समाजांसाठी 50 टक्के जागा राखून ठेवल्या. वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं निघाली. 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. 1918 मध्ये महार वतन रद्द केलं. वतन म्हणजे जमिनीच्या एका तुकड्यापायी पिढ्यान् पिढ्या गावाची बिनमोल राबणूक. त्या दाव्याला बांधलेला माणूस स्वतःचा धंदा कधी करणार?

इथे गंगाराम कांबळे यांची गोष्ट येते. ते राजवाड्याच्या पागेत कामाला होते. सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून तिथल्याच लोकांनी त्यांना मारलं. महाराजांना कळल्यावर मारणाऱ्यांना शिक्षा झाली. पण प्रकरण तिथे मिटलं नाही. महाराजांनी गंगाराम यांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली आणि कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल उघडलं.

दलिताच्या हातचा चहा, भर रस्त्यात. पिणार कोण? गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराज स्वतः फिरायला निघाले की गाडी त्या हॉटेलापुढे थांबवायचे, चहा मागवायचे, प्यायचे आणि सोबतच्या बड्या मंडळींनाही पाजायचे. छत्रपती पितात म्हटल्यावर नाही कोण म्हणणार?

आजच्या भाषेत सांगायचं तर राजाने भांडवलही दिलं आणि पहिलं गिऱ्हाईकही तोच झाला. कुठल्याही नव्या धंद्याला विचारा, यातली दुसरी गोष्ट जास्त अवघड असते. आणि इथे नुसत्या धंद्याचा प्रश्न नव्हता. त्या कपाला हात लावणारा प्रत्येकजण एक जुना नियम मोडत होता.

हिशोब कसा मांडायचा

6 मे 1922 ला मुंबईत महाराज गेले, तेव्हा त्यांचं वय अवघं 47 होतं. कारभाराची वर्षं 28. त्यांच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांनी, 1925 मध्ये, कोल्हापुरात नर्सरी बागेत त्यांचं पहिलं स्मारक उभं राहिलं. पुढाकार कुणाचा होता माहितेय? गंगाराम कांबळे यांचा. ज्यांना कधी पाण्याला हात लावायची बंदी होती, त्यांनी आणि त्यांच्या लोकांनी पैसे जमवून राजाचं स्मारक बांधलं.

म्हणून पुढच्या वेळी कुठल्याही राज्याने आपण उद्योगासाठी किती छान आहोत याची जाहिरात केली, की आकडे जरूर बघा. किती कोटी आले, किती एकर दिली, किती दिवसांत परवानगी मिळाली, सगळं बघा. पण सोबत दोन प्रश्न आणखी विचारा. इथे जे पिकतं, जे बनतं, त्याला बाजार मिळतोय का? आणि ज्याच्याकडे ना ओळख आहे ना आडनावाचं वजन, अशा मुलाने किंवा मुलीने उद्या दुकान उघडलं, तर त्याच्या दारात पहिलं गिऱ्हाईक म्हणून कोण उभं राहणार आहे?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर फक्त सरकारने द्यायचं नसतं. चहा तर आपण सगळेच पितो ना?